राणी टेराचे नाराज वाचक

ब्रॅम स्टोकरची 'द ज्युएल ऑफ सेव्हन स्टार्स' ही कादंबरी १९०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. 'ड्रॅक्युला' येऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. ड्रॅक्युला कुणाला आवडो वा न आवडो, तिचे स्थान आज कुणी नाकारत नाही. ममीच्या या कादंबरीचे तसे झाले नाही. ती वाचून खाली ठेवणारा माणूस बहुधा कुरकुरतच असतो. सुरुवात झकास होती, मध्ये फार पाणी घातले, आणि शेवटी आमच्या हाती काहीच दिले नाही, अशा तीन तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. तरीही पुस्तक छापले जाते, वाचले जाते आणि त्यावरून वाद होतात. पुढच्या पानांत या वादाचीच चर्चा आहे. ती वाचण्याआधी वाचकाला कादंबरीची आणि तिच्या काळाची ओळख व्हावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. वाचकांच्या तक्रारी खऱ्या आहेत, आणि त्या नेमक्या जागी बोट ठेवतात. जिथे वाचक अस्वस्थ होतो तिथेच या पुस्तकाचे मर्म आहे. ते उलगडायचे तर कथानक शेवटापर्यंत सांगावे लागेल. ज्यांना कादंबरी कोऱ्या मनाने वाचायची आहे त्यांनी आधी ती वाचावी आणि मग इथे परत यावे.

माल्कम रॉस हा लंडनमधला तरुण वकील. एका रात्री त्याच्या दारावर थाप पडते. मार्गारेट ट्रेलॉनी या नुकत्याच ओळख झालेल्या मुलीची चिठ्ठी असते: वडिलांवर हल्ला झाला आहे, ताबडतोब या. एबल ट्रेलॉनी हे इजिप्तच्या प्राचीन वस्तूंनी घर भरून टाकलेले श्रीमंत अभ्यासक. ते स्वतःच्या झोपण्याच्या खोलीत, तिजोरीजवळ, रक्तबंबाळ अवस्थेत सापडलेले आहेत. मनगटावर ओरखड्यांसारख्या जखमा आहेत, आणि त्याच हातातल्या कड्याला तिजोरीची किल्ली आहे. असे काही घडणार हे जणू त्यांना ठाऊक होते. मी शुद्धीवर येईपर्यंत मला या खोलीतून हलवू नका, इथली एकही वस्तू हलवू नका, रात्रंदिवस जागता पहारा ठेवा, अशा सूचना त्यांनी आधीच लिहून ठेवल्या आहेत. आता पहारा सुरू होतो आणि पहारा देणारे एकामागून एक गुंगीत जातात. खोलीत ममींचा, मसाल्यांचा, डांबराचा जुना वास कोंदलेला असतो. रॉस अखेर तोंडावर रेस्पिरेटर चढवून बसतो. सिल्व्हिओ नावाचे घरातले मांजर खोलीतल्या मांजराच्या ममीवर तुटून पडते. डॉक्टर विंचेस्टर त्या जिवंत मांजराचा पंजा टीपकागदावर दाबून नखांच्या खुणा जखमांशी ताडून पाहतात. पोलीस सार्जंटचा संशय मात्र मुलीवर आहे.

या पहिल्या भागात स्टोकरने जे साधले आहे ते मला ड्रॅक्युलाच्या सुरुवातीइतकेच मोलाचे वाटते. इथे कुणी राक्षस दिसत नाही, किंचाळी ऐकू येत नाही. एक बंद खोली, एक वास, आणि जागे राहता न येणे. जागरणाची वेळ आलेल्या प्रत्येकाला झोपेची ही भीती ओळखीची असते. आजारी माणसाच्या उशाशी बसलेले आपण क्षणभर डोळे मिटतो, आणि तेवढ्यात काही झाले तर? स्टोकरने सबंध भय या एका प्रश्नावर उभे केले आहे. जवळजवळ प्रत्येक वाचक, पुढे तो कितीही रागावलेला असो, या पानांना मान देतो.

मग कॉर्बेक नावाचा भटका संशोधक इजिप्तहून सात दिवे घेऊन येतो, व्हॅन ह्यून या सतराव्या शतकातल्या डच प्रवाशाचे पुस्तक उघडले जाते आणि राणी टेराची ओळख होते. टेरा स्टोकरच्या कल्पनेतली आहे. अकराव्या राजवंशातल्या अंतेफ राजाची मुलगी म्हणून त्याने तिला उभे केले. ती विद्या शिकलेली, मंत्रसामर्थ्य मिळवलेली आणि पुरोहितांना डोईजड झालेली राज्यकर्ती आहे. आपल्यामागे हे पुरोहित आपले नावही पुसून टाकतील हे ओळखून तिने स्वतःच्या पुनरुत्थानाची तयारी करून ठेवली. ओसाड दरीतल्या कड्यात कोरलेले थडगे, सात बोटांचा हात, आणि त्या हाताखाली भुंग्याच्या आकारात कोरलेले लालभडक माणिक. माणकात सात तारे चमकतात, त्यांची मांडणी सप्तर्षींची. इजिप्तच्या लोकांना या ताऱ्यांत बैलाचा पुढचा पाय दिसत असे. ध्रुवाभोवती फिरणारे, क्षितिजाखाली न जाणारे उत्तरेचे तारे त्यांच्या लेखी नाश न पावणारे होते. टेराने आपल्या अमरत्वाची आशा तिकडे बांधली, यात स्टोकरचा अभ्यास दिसतो.

आता पहिली मोठी तक्रार, मधल्या भागाची. ट्रेलॉनी शुद्धीवर येतात आणि बोलू लागतात, ते थांबतच नाहीत. थडग्याची मापे, पेटीचा आकार, दिव्यांच्या जागा, प्रकाशाचे गुणधर्म, रेडियम, क्ष-किरण. डच प्रवाशाची हकिगत अंगावर काटा आणणारी आहे; पण तिच्या मागोमाग कॉर्बेकची हकिगत येते तेव्हा त्याच थडग्यात दुसऱ्यांदा उतरताना पाय जड होतात. इथे वाचक बरोबर आहेत, स्टोकरने हात आखडता घ्यायला हवा होता. पण हा सगळा मजकूर तिथे का आला, हे समजून घ्यायला हवे. १८८१ साली देर अल-बाहरीजवळच्या एका गुप्त खोलीत फॅरोंच्या ममींचा साठाच सापडला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश फौजांनी इजिप्त ताब्यात घेतला, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये इजिप्त एक्स्प्लोरेशन फंड स्थापन झाला. फ्लिंडर्स पेट्री यांच्यासारखे उत्खननकार वर्षामागून वर्ष नवे काही जमिनीतून काढत होते. १८९५ मध्ये राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले, १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने रेडियम. ज्या माणसाने १९०३ साली ही कादंबरी हातात घेतली त्याला न दिसणारे किरण शरीरापार जातात ही बातमी नवी होती. मग प्राचीन लोकांना अशा शक्ती ठाऊक असल्या तर? ट्रेलॉनींची व्याख्याने त्या वाचकाला आजच्याइतकी कंटाळवाणी वाटली नसणार.

त्या व्याख्यानांत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. ट्रेलॉनी एकदाही विचारत नाहीत की हे आपले आहे का. थडगे फोडले, दिवे आणले, माणिक आणले, हात आणला, आणि शेवटी राणीच आणली. या सगळ्याला ते 'महाप्रयोग' म्हणतात. त्यांच्या बोलण्यात शास्त्र आहे, धाडस आहे, वडीलकीचा जिव्हाळाही आहे. फक्त परवानगी कुठेच नाही. स्टोकरला ही टीका करायची होती असे मी म्हणणार नाही. पण पानापानांवर साठत जाणारी ती अस्वस्थता वाचकाला जाणवते, आणि कंटाळा म्हणून आपण ज्याची नोंद करतो त्यातला काही भाग हा खरे तर असा गुदमरलेपणा असतो.

दुसरी तक्रार मार्गारेटविषयी. ती फार गोड आहे, फार आज्ञाधारक आहे, आणि रॉस तिच्यावर इतका भाळलेला आहे की त्याचे निवेदन वाचवत नाही. हे म्हणणेही खोटे नाही. मात्र मार्गारेट कथेत कुठून येते ते पाहा. वडील इजिप्तमध्ये टेराच्या थडग्यात असताना तिचा जन्म झाला आणि आई बाळंतपणात गेली. तिचा चेहरा राणीसारखा आहे. उत्तरार्धात ती हळूहळू बदलते, कधी दूरची होते, कधी टेराच्या मनातले असे सांगू लागते की जणू स्वतःच्या आठवणी सांगते आहे. रॉसला हे दिसते आणि तो घाबरून नजर वळवतो. प्रेमाने आंधळा झालेला निवेदक निवडून स्टोकरने मार्गारेटला आपल्यापासून लपवून ठेवले आहे. ती बाहुलीसारखी वाटते, कारण आपल्याला रॉसच्या डोळ्यांनीच पाहावे लागते.

आणि मग एक प्रसंग येतो. केवळ त्या एका प्रसंगासाठी मी ही कादंबरी कुणाच्याही हाती देईन. कॉर्नवॉलच्या समुद्रकाठी किलियन येथील घराखालच्या गुहेत सगळी सिद्धता झालेली आहे. पुरुष मंडळी ममीच्या पट्ट्या सोडायला पुढे होतात, आणि मार्गारेट वडिलांना अडवते. ती बाई आहे, इतक्या पुरुषांसमोर, एवढ्या लख्ख उजेडात तुम्ही तिला उघडी करणार? वडील हसण्यावारी नेतात, शास्त्राचा हवाला देतात. पट्ट्या सुटत जातात. आत कुजलेला देह नसतो. शुभ्र, झिरझिरीत वस्त्र ल्यालेली स्त्री असते, आणि ते कफन नसून लग्नाचा पोशाख आहे हे सर्वांत आधी मार्गारेटच ओळखते. ट्रेलॉनींचा सगळा पांडित्याचा डोलारा त्या क्षणी गप्प होतो. इतका वेळ 'ममी' असलेली वस्तू माणूस झालेली असते.

हा प्रसंग स्टोकरने हवेतून आणलेला नाही. १८३०च्या दशकात लंडनमध्ये टॉमस पेटिग्रू हे शल्यविशारद प्रेक्षकांसमोर ममी सोडून दाखवत, आणि गर्दी अशी होई की एकदा खुद्द कँटरबरीच्या आर्चबिशपना जागेअभावी माघारी जावे लागले. १८८६ मध्ये कैरोत दुसऱ्या रामसेसची ममी मान्यवरांच्या उपस्थितीत उघडली गेली. त्याआधी कित्येक शतके युरोपात ममींची पूड औषध म्हणून विकली जात होती. 'ममी ब्राउन' नावाचा चित्रकारांचा तपकिरी रंग खरोखर ममी दळून केला जाई. चित्रकार बर्न-जोन्स यांना हे कळले तेव्हा त्यांनी आपल्याजवळची रंगाची नळी बागेत नेऊन पुरली. मुंबईत जन्मलेला त्यांचा भाचा रडयार्ड किपलिंग तेव्हा लहान होता, आणि तो त्या दफनाला हजर होता. बर्न-जोन्सच्या मनात त्या दिवशी जे आले तेच मार्गारेटच्या तोंडी आहे. १९०३च्या लोकप्रिय कादंबरीत एका तरुण मुलीने ते स्पष्ट शब्दांत बोलावे, याचे मोल फार आहे.

आता शेवट. खरा वाद इथेच आहे. १९०३च्या आवृत्तीत प्रयोग सुरू होतो, पेटी उजळते, काळा धूर दाटतो, बाहेर वादळ आहे, दिवे जातात. अंधारात चाचपडताना रॉसला एक स्त्रीदेह सापडतो. ती मार्गारेट समजून तो तिला उचलून वर आणतो, ठेवतो, उजेड आणायला जातो. परत येतो तर तिथे फक्त तो लग्नाचा पोशाख आणि रत्न पडलेले. खाली गुहेत सगळे मरून पडले आहेत. मार्गारेटने हात चेहऱ्यावर धरलेले आहेत, आणि बोटांमधून दिसणारे तिचे डोळे उघडे आहेत. कादंबरी इथे संपते. राणी उठली का? उठून गेली कुठे? तिने मारले, की धुराने? उत्तर मिळत नाही.

१९१२ मध्ये निघालेल्या आवृत्तीत हा शेवट नाही. तिथे प्रयोग फसतो, टेराचा देह नाहीसा होतो, माणसे सगळी वाचतात, रॉस आणि मार्गारेटचे लग्न होते. 'जुन्या आणि नव्या शक्ती' हे अख्खे प्रकरणही गाळलेले आहे. त्यात रॉस एका भयंकर प्रश्नापाशी येऊन थांबतो: टेराचे देव खरे ठरले तर आपल्या देवाचे काय? श्रद्धाळू इंग्रज वाचकासाठी हा प्रश्न ममीपेक्षा भीतिदायक होता. स्टोकर त्याच वर्षी २० एप्रिलला वारला. हा बदल त्याने स्वतः केला की दुसऱ्या कुणी, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. पुढची कित्येक दशके मात्र हीच गोड आवृत्ती फिरत राहिली, आणि अनेकांनी कादंबरीविषयीचे आपले मत तिच्यावरूनच बनवले. एकाच पुस्तकाबद्दल दोन वाचक तावातावाने बोलतात, आणि दोघांनी दोन वेगळी पुस्तके वाचलेली असतात.

मी पहिल्या शेवटाच्या बाजूने आहे. अपूर्ण वाटणे हा दोष नेहमीच असतो असे नाही. ड्रॅक्युलात व्हॅन हेल्सिंग आहे. त्याला उपाय ठाऊक आहेत, आणि चांगुलपणाच्या बाजूने लढणाऱ्यांना तो विजय मिळवून देतो. मराठी भयकथेच्या वाचकालाही ही रचना परिचयाची आहे, नारायण धारपांचा 'समर्थ' आठवावा. संकट कितीही गडद असो, त्याच्याहून मोठे सामर्थ्य असलेले कुणीतरी मदतीला येते, आणि त्या विश्वासावर आपण भीतीचा आस्वाद घेतो. टेराच्या कथेत असे कुणी येत नाही, कारण तिथे परतवून लावायला बाहेरून आलेले संकटच नाही. संकट या लोकांनी स्वतः बोटीत घालून आणले आहे, रेल्वेने कॉर्नवॉलला नेले आहे आणि दिवे लावून त्याची वाट पाहिली आहे. अशा कथेत ऐन वेळी सगळ्यांची सुटका करणे मला प्रामाणिक वाटत नाही.

दुसऱ्या शेवटाची बाजू घेणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला विचार करायला लावतो. त्या आवृत्तीत लग्नाच्या दिवशी मार्गारेट टेराचाच पोशाख घालते, तिचेच रत्न लेते. शेजारी उभी आहे ती नेमकी कोण, असा प्रश्न तिथेही पडू शकतो. तो शेवट वाटतो तितका निर्धोक नाही, असे म्हणणारे वाचक बारकाईने वाचतात. तरीही मृत स्त्रीचे वस्त्र सोडवून घ्यायचे, तेच अंगावर घालून बोहल्यावर उभे राहायचे आणि सगळे छान झाले म्हणायचे, हे मला पहिल्या शेवटातल्या मृत्यूंपेक्षा क्रूर वाटते.

चित्रपटवाल्यांनी या कथेवर तीनदा हात टाकला: १९७१चा हॅमर कंपनीचा 'ब्लड फ्रॉम द ममीज टूम', १९८०चा चार्लटन हेस्टनचा 'द अवेकनिंग' आणि १९९८चा आणखी एक. पट्ट्या गुंडाळून अडखळत चालणारी ममी या कादंबरीत नाही, हे चित्रपटांवरून पुस्तकाकडे येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. तसे चालणे कॉनन डॉइलच्या 'लॉट नंबर २४९' या १८९२च्या कथेच्या जवळचे आहे. टेरा जवळजवळ संपूर्ण पुस्तकभर पडून आहे. ती एक शब्दही बोलत नाही. तिच्याविषयी बोलतात ते सगळे इतर.

याच कारणाने मराठी वाचकाने ही कादंबरी आपल्या जागेवरून वाचावी असे मला वाटते. बडोद्याच्या संग्रहालयात सयाजीराव गायकवाडांनी विकत घेतलेली एक इजिप्शियन ममी आहे, आणि तिच्यासमोर पिढ्यानपिढ्या शाळांच्या सहली थांबत आल्या आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१२-१३ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे ममीवरचे प्रदर्शन आले होते. तिथे मृताच्या पट्ट्या न सोडता स्कॅनच्या मदतीने आतले शरीर दाखवले गेले. पेटिग्रूच्या टेबलापासून त्या स्कॅनपर्यंत जगाने जे अंतर कापले त्यात मार्गारेटच्या आक्षेपाचा वाटा आहे, असे मानायला मला आवडेल. एप्रिल २०२१ मध्ये इजिप्तने आपल्या बावीस राजा-राण्यांच्या ममी कैरोतल्या जुन्या संग्रहालयातून फुस्तातच्या नव्या संग्रहालयात हलवल्या, त्या शाही मिरवणुकीने, तोफांच्या सलामीसह. आपल्या पूर्वजांना कसे न्यावे हे त्या देशाने स्वतः ठरवले. परदेशी संग्रहालयांत आपल्या मूर्ती आणि शस्त्रे पाहून ज्यांच्या मनात काही हलले असेल त्यांना टेराची बाजू समजावून सांगावी लागणार नाही.

पुढे येणाऱ्या मतांत काही या पुस्तकावर सडकून टीका करणारी आहेत, काही फार उदार आहेत. दोन्ही वाचावीत, पण कुणाचेही मत स्वीकारण्याआधी त्याने कोणता शेवट वाचला आहे ते पाहावे. कादंबरी स्वामित्वहक्कातून केव्हाच मुक्त झाली आहे आणि सहज मिळते. अलीकडच्या काही संपादित आवृत्त्यांत दोन्ही शेवट एकत्र छापलेले आहेत. आवृत्ती निवडताना तिच्यात सोळावे प्रकरण 'जुन्या आणि नव्या शक्ती' हेच आहे ना, एवढे तपासून घ्या. आधी १९०३चा शेवट वाचा, एक-दोन दिवस जाऊ द्या, आणि मगच १९१२चा वाचा.